काचेवर राहिलेला कागद

कोर्ट नाक्याला माझं झेरॉक्सचं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
दोन गिऱ्हाइकं आत आली
की तिसऱ्यानं उन्हात थांबायचं.
वीस वर्षं तेच:
झाकण वर, कागद पालथा,
झाकण खाली, उजेडाची पट्टी
या कडेपासून त्या कडेपर्यंत.

लोक मूळ कागद विसरून जातात.
हसू नका. घाईत माणूस
नक्कल छातीशी धरून निघतो
आणि अस्सल काचेवर पालथं पडून राहतं.
सातबारे, मृत्यूचे दाखले,
एकदा तर घटस्फोटाचा हुकूम,
त्या बाई परत यायला आठवडा लागला.

म्हणून रात्री शटर ओढण्याआधी
झाकण एकदा उचलून बघायचं.
याला कोणी पुण्य म्हणत नाही.
झोपण्याआधी गॅस बघतात, तसं.

त्या वर्षी धनत्रयोदशीला
मेहुणा बाहेर स्कूटर चालू ठेवून
हॉर्नवर हॉर्न,
मिठाईचं दुकान बंद होईल म्हणत होता.
मी शटर ओढलं.

भाऊबीज उरकून तिसऱ्या दिवशी उघडलं.
काचेवर शाळा सोडल्याचा दाखला.
वैती हर्षला पद्माकर.
जन्मस्थळ चेंदणी, ठाणे.
वर्तणूक चांगली.
अभ्यासातील प्रगती समाधानकारक.
कागद काचेला जरा चिकटला होता,
नखानं सोडवावा लागला.

समोरचा स्टॅम्पवाला गुरव म्हणाला,
एक पोरगी येऊन गेली की,
दोनदा.
शटर वाजवत होती.
नंबर विचारला, पण तुमचा नंबर मला कुठे पाठ,
आणि पाटीवर बघाल तर शेवटचे दोन आकडे
उन्हानं केव्हाच खाल्लेत.

मी बाहेर येऊन पाटी बघितली.
खरंच, आठ आकडे होते.
रोज त्या पाटीखालून वाकून आत जातो मी.

दुपारी चेंदणीत गेलो, विचारत विचारत.
दारात जाळं विणत बसलेली आत्या.
पोरगी नव्हती, मामाकडे गेलेली, उरणला.
“नर्सिंगचा व्हता तिचा काय तरी.
तारीख निंगून गेली.”
सांगितलं तिनं असं, जसं भरती निघून गेल्याचं सांगतात.

मग दाखला हातात घेऊन
तिनं मला आत बोलावलं,
खुर्चीवरची चादर झटकली,
म्हणाली, भला माणूस,
कोण येतं हल्ली एवढ्या लांब कागद द्यायला.
आणि कोकम सरबत केलं.

मी प्यायलो.
झाकणाचं सांगितलं नाही,
स्कूटरचं नाही, आकड्यांचं नाही.
पेला पूर्ण संपवला,
वर आणखी अर्धा.

पाटी रंगवून घेतली दुसऱ्याच दिवशी.
झाकण आता तीनदा उचलतो.
बायको म्हणते, तुमचं हे वाढत चाललंय.
गुरवला वाटतं, मशीन बिघडलंय.
सांगून काय सांगणार?
कोणी उपाशी मेलं नाही, कोणी भांडायला आलं नाही,
पेपरात येण्यासारखं काहीच झालं नाही,
मी फक्त एका संध्याकाळी
एक झाकण उचललं नाही.

पुढच्या वर्षी भरला असेल तिनं फॉर्म.
किंवा उरणलाच कुठे लग्न करून दिलं असेल.
चेंदणी इथून चालत पंधरा मिनिटं,
नऊ वर्षांत मी पुन्हा गेलेलो नाही.

परवा सिव्हिलला रक्त द्यायचं होतं तपासायला.
बाही वर सरकवणाऱ्या नर्सच्या नावाची पट्टी
मी खिशातून चष्मा काढून वाचली.
वैती नव्हती.
सुई टोचलेली कळलीही नाही मला,
इतका हलका हात.